जूनमधली हजेरी

(नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या शाळेत झालेल्या स्नेहमेळाव्यातलं हे भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातले अडखळणे तेवढे काढले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'गाव ते आयटी: माझी वाटचाल'. परवा रात्री लिहायला बसले तर वाटचाल पाच ओळींत संपली. दहावी, बारावी, 2002 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची बी.ई., मग पुणे, एक कंपनी, दुसरी कंपनी, मध्ये दोन वर्षं परदेश, परत पुणे. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते आहे, आणि त्याचा पगार मिळतो. यात तुम्हाला सांगण्यासारखं फार नाही. शिवाय माझ्या आधी बोललेल्या मित्राने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एवढं छान सांगितलंय, की मी तो विषय काढला तर माझीच परीक्षा होईल.

म्हणून मी जून महिन्याबद्दल बोलणार आहे.

आठवतंय का, जूनच्या मध्यावर शाळा उघडायची. नव्या पुस्तकांचा वास, खाकी कव्हरं, आणि अर्धा रिकामा वर्ग. सर हजेरी घ्यायचे. एका नावाला उत्तर नाही, दुसऱ्या नावाला नाही, तिसऱ्याला मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचं, "पेरणी, सर!" सर मान हलवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. गणिताचे आपले सर पहिले दोन आठवडे नवीन धडा कधीच सुरू करायचे नाहीत. मागच्या वर्षाची उजळणी घ्यायचे. तेव्हा आम्हा हजर राहणाऱ्यांना त्याचा कंटाळा यायचा. सर ते कोणासाठी करत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं पुण्या-मुंबईत वाढली आहेत आणि ही स्मरणिका त्यांच्याही हातात पडेल, म्हणून थोडं सांगते की तेव्हा घरात काय चालायचं.

आमचं वावर बोरीच्या अलीकडे, जळगाव जिल्ह्यात, आणि एक तुकडा हद्दीपलीकडे धुळे जिल्ह्यात. त्यामुळे आबांना दोन तलाठी, दोन तालुके आणि दुप्पट चहापाणी. आखाजीला जुन्या सालदाराचं साल संपायचं आणि नवं ठरायचं. पुरणपोळी, आमरस, झोके, माहेरवाशिणींची गाणी हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण ओट्यावर त्याच दिवशी वर्षभराच्या मजुरीचा सौदा होत असे, आणि उचल किती दिली, मागची किती फिटली याचा हिशोब होत असे, तिकडे आपण मुलं लक्ष द्यायचो नाही. आमच्याकडे एकच सालदार बरीच वर्षं होते. मी त्यांना काका म्हणायचे. आखाजी झाली की वखरपाळ्या, काडीकचरा वेचणं, शेणखत पसरणं. 25 मेला रोहिणी लागली की आबांची झोप कमी व्हायची. रात्री दोनदा उठून ओट्यावर येऊन वारा कुठून येतोय ते बघायचे. 7 जूनला मृग. त्यानंतर घरात कोणी मोठ्याने बोललं तरी खेकसायचे.

आई चारला उठायची. कळण्याच्या भाकरींची चळत, ठेचा, कांदे, एका गाडग्यात ताक. माणसं किती येणार हे आदल्या रात्रीही नक्की नसे, त्यामुळे भाकरी नेहमी आठ-दहा जास्तच. उरल्या तर संध्याकाळी कुस्करून फोडणी द्यायची, आणि खरं सांगते, त्या फोडणीच्या भाकरीपुढे पुण्यातला कुठलाही नाश्ता फिका आहे.

तेव्हा बीटी नव्हतं. नांदेड 44 किंवा देशी कपाशी. सरकीला बारीक तूस असायचं, दाणे एकमेकांना चिकटायचे, म्हणून शेण आणि राखेत घोळून सावलीत वाळवायचे. ते काम माझं. हाताला तो वास दोन दिवस राहायचा. पाऊस पडून वाफसा आला की काका बैलांमागे तीन-तीन फुटांवर रेघा ओढायचे, आधी उभ्या, मग आडव्या. रेघेवर रेघ जिथे पडे ती फुली. प्रत्येक फुलीवर दोन-तीन दाणे अंगठ्याने दाबायचे, पायाने माती लोटायची, पुढे. असं का, तर पुढे कोळपं उभंही चालतं आणि आडवंही, निंदायला बाया कमी लागतात. बाया एका ओळीत वाकून निघायच्या आणि पार बांधाला लागल्यावर कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या. मी पाण्याची कळशी घेऊन मागे.

या ओळीत माझ्याच बाकावर बसणारी एक मुलगी असायची. काकांची मुलगी. तिचं नाव मी घेणार नाही. घेऊ नको असं तिनं बजावलंय. पण पाचवी ते आठवी जे मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकाच्या आसपास बसत होते, त्यांना ती आठवेल. सरांना तर आठवेलच.

सरांनी सातवीत एक गणित घातलं होतं. एका एकरात तीन फूट बाय तीन फुटांवर झाडं लावली तर किती बसतील? मी पाटीवर 43,560 भागिले 9 मांडलं आणि चुकले. तिनं काही मांडलंच नाही. ती म्हणाली, चार हजार आठशे चाळीस. सर म्हणाले, कसं? तर म्हणाली, गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. एका बाजूला अकरा फुल्या, दुसऱ्या बाजूला अकरा, एकशे एकवीस झाल्या, आणि एकरात गुंठे चाळीस. सरांनी खडू खाली ठेवला होता. मला तो खडू ठेवल्याचा आवाज आठवतो.

आता नववी.

त्या वर्षी मृगाने आमच्या शिवाराला एक दणका दिला आणि तोंड फिरवलं. आबांनी घाई केली होती. सगळ्यांनीच केली होती, शेजारचा लावतोय म्हटल्यावर कोण थांबतो? पाचव्या-सहाव्या दिवशी कपाशीची दोन-दोन पानं वर आली. मग नुसता वारा. आकाशात ढग यायचे आणि सातपुड्याकडे निघून जायचे. आठवडा गेला, दुसरा गेला. पानं आधी करड्या रंगाची झाली, मग चुरचुरीत. आबा वावरात जाणं बंद झाले. ओट्यावर बसून राहायचे. आईने त्यांना विचारायचं सोडून दिलं.

दुबार पेरणीला बी लागतं आणि पैसे पहिल्या पेरणीत गेलेले असतात. मागच्या वर्षीच्या कापसाचा काही चुकारा यायचा होता. कापूस एकाधिकारात घातलेला, चेक कधी येईल ते देव जाणे. आबांनी दूध देणारी गाय विकली. म्हैस का नाही विकली यावर आई-आबांचं भांडण पुढे पाच-सहा वर्षं चालू होतं, ते सोडा.

पाऊस आला तेव्हा शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. पाऊस सगळ्या शिवारात एकाच रात्री आला, म्हणजे सगळ्यांना बाया एकाच दिवशी पाहिजेत. गावात बाई मिळेना. त्या रात्री अंगणात बोलणं झालं. मी आत दिवा लावून पुस्तक उघडून बसले होते आणि सगळं ऐकू येत होतं. आबा म्हणाले, आपल्याला निदान दोन हात कमी पडताहेत, आठ दिवसांचा प्रश्न आहे, हिलाही घेऊ. आई म्हणाली, "आपली पोर शायामा जाई." एवढंच. आवाज चढवला नाही. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, माझी पोर येईल.

माझी आई अडाणी नाही, चौथी शिकलेली. तिला शाळा काय असते हे कळत होतं. त्या रात्री तिनं माझ्यासाठी जे केलं त्याच्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे. आणि त्याच वाक्याने दुसऱ्या एका मुलीचं काय झालं, हे तिलाही माहीत होतं, मलाही. आबांना दोष देऊन मला मोकळं होता येत नाही, काकांनाही नाही. त्यांच्यावर उचल होती. नाही म्हणायला अंगात बळ लागतं आणि घरात धान्य.

आठ दिवस झाले. मग नांगे भरायचे होते, दुबार पेरणीत खाडे जास्त पडतात. मग निंदणी. सुरुवातीला मी रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्याकडे जायचे. ती चुलीपुढे बसून उतरवून घ्यायची. कधी लिहिता लिहिता डोळा लागायचा. साधारण दोन आठवड्यांनी मी जाणं कमी केलं. पाऊस होता, चिखल होता, माझाही अभ्यास वाढला होता. मग जाणं थांबलं. भांडण नाही, काही नाही. नुसतं थांबलं.

एकदा वर्गात सरांनी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबून विचारलं, ही का येत नाही, कोणाला माहीत आहे का? मी दुसऱ्या बाकावर होते. ती त्या क्षणी आमच्या वावरात निंदत होती. मी खाली बघत राहिले. सर, एकतीस वर्षांनी सांगते, मला माहीत होतं.

पोळ्यानंतर तिचं नाव हजेरीत घ्यायचं बंद झालं.

पुढचं थोडक्यात. मी शिकले. मी इंजिनिअर झाले त्याच वर्षी, 2002 साली, बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली, आणि काही वर्षांत नांदेड 44 चं नाव घेणारं गावात कोणी उरलं नाही. सुरुवातीला बोंडअळी गेली म्हणून लोक खूश होते. मग गुलाबी अळी त्यालाही सरावली. 2017 ला तर तिनं महाराष्ट्रभर कापूस खाल्ला, तुमच्यापैकी शेती करणाऱ्यांना सांगायला नको. ठिबक आलं, तणनाशक आलं, बैल गेले. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आबा गेले. वावर आम्ही अर्धेलीने दिलं. यंदा मार्चमध्ये अर्धेलीवाला म्हणाला, ताई, परवडत नाही, दुसरं बघा. भाऊ सुरतला. त्याचं म्हणणं विकून टाकू. आईचं म्हणणं, मी डोळे मिटल्यावर काय करायचं ते करा. मी तीन आठवड्यांची रजा काढली आणि मेच्या शेवटी गावी आले. कंपनीत सांगितलं, कौटुंबिक कारण. खोटं नव्हतं.

यंदाचा मे तुम्हाला आठवतो. पावसाळा मेमध्येच येऊन उभा. 24 तारखेला केरळात, दोन दिवसांनी मुंबईत. मशागतीला उघाड मिळेना. मी मोबाइलवर तीन-तीन हवामानाची ॲप लावून बसलेली. आईला म्हटलं, एवढी ओल आहे, लावून टाकू. आई म्हणाली, बायांची टोळी सांगावी लागेल, तिला विचार.

टोळीची मुकादम म्हणजे ती.

मी तिच्या अंगणात गेले. वर्षा-दोन वर्षांनी येता-जाता रस्त्यात दिसायची, हसायचो, कशी आहेस, बरी आहे, एवढंच. यंदा पहिल्यांदा समोर बसलो. तिच्या हाताखाली बारा बाया आहेत. लावणी, निंदणी, वेचणी, सगळं ठरवून घेते. लावणीचे पैसे आता रोजावर नाहीत, बियाण्याच्या पिशवीवर. पिशवी 475 ग्रॅमची, यंदाची किंमत 901 रुपये, एकराला दोन. मी घासाघीस करायला गेले आणि तिनं मला दोन मिनिटांत गप्प केलं. रिक्षाचं भाडं कोण देणार, चहा कितीदा, अर्ध्यात पाऊस आला तर हजेरी धरायची की नाही, हे सगळं तिनं आधीच मांडून ठेवलेलं. आमच्या कंपनीत करार करणारी माणसं एवढी पक्की नसतात.

मग ती माझ्याबरोबर वावरात आली. मनगटापर्यंत हात मातीत घातला, गोळा केला, फोडला. म्हणाली, "वर ओल शे, पोटमा नही." मेमधला पाऊस आमच्या चढाच्या तुकड्यात थांबलाच नव्हता. शिवाय म्हणाली, एवढ्या लवकर लावशील तर जमिनीतून निघणाऱ्या पाखरांना फुलं आयती मिळतील. हे मी नंतर वाचून पाहिलं. गुलाबी अळीचे पतंग सुरुवातीला बाहेर पडतात तेव्हा शेतात पात्या-फुलं नसली तर त्यांची पुढची पिढी वाढत नाही, म्हणून तर कृषी खातं 1 जूनच्या आधी कपाशी लावू नका म्हणून सांगत असतं. तिनं ते एका वाक्यात सांगितलं होतं. आम्ही विहिरीखालचे तीन एकर ठिबकवर जूनच्या पहिल्या आठवड्यात लावले आणि कोरडवाहू दोन एकर ठेवून दिले. बरं झालं. मेच्या अखेरीला पाऊस जो अडला तो जून मध्यावर आला तेव्हाच हलला. बांधापलीकडच्याने कोरडवाहूत घाई केली होती. त्याच्या वावरातली ती दोन-दोन करडी पानं मी रोज सकाळी बघत होते, आणि मला आबा ओट्यावर दिसत होते.

लावणीच्या दिवशी मी ओळीत उतरले. तुम्हाला वाटेल हौस. हौसच होती, सकाळी नऊपर्यंत. अकराला माझी कंबर गेली. बाया हसत होत्या. नळ्या चार फुटांवर, झाड दीड फुटावर. मी फोन काढून एकराला किती झाडं ते बघायला लागले, तर ती न थांबता, वाकलेलीच, म्हणाली, "सात हजार दोनशे साठ." मी कॅल्क्युलेटरवर बघितलं. बरोबर होतं. मी म्हटलं, अजून गुंठ्यानेच करतेस? ती म्हणाली, मग कशाने करू? गुंठ्याला एकशे साडेएक्याऐंशी. अर्धं झाड तेवढं नीट लाव.

दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना मी तिला सगळं सांगितलं. त्या रात्रीचं अंगण, वही घेऊन येणं बंद केल्याचं, हजेरीच्या वेळी गप्प बसल्याचं. माझा आवाज जड झाला होता. तिनं ऐकून घेतलं, ठेचा पुढे सरकवला आणि म्हणाली, अंगणात मीपण होते, ओसरीच्या कोपऱ्यात. तुझी माय बोलली ते मीपण ऐकलं. मग म्हणाली, सर दोनदा सायकलवर घरी आले होते. बापाशी बोलले. पोळ्यानंतर पाठवतो म्हणाला बाप. सर, तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत. आणि म्हणाली, मला राग तुझ्या मायचा नाही आला कधी. तुझा आला होता. वही आणायची बंद केलीस त्याचा. तीन-चार वर्षं होता. नंतर लग्न झालं, वेळ कुठला रागाला.

तिची मुलगी यंदा जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये एक दिवस आली होती सुट्टीत. तिला ओळीत उतरू दिलं नाही. माझ्यासारखीच कळशी घेऊन मागे होती.

मी तिला या मेळाव्याचं सांगितलं. तर म्हणाली, "दहावीमा मी कोठे व्हती?" याला मी काय उत्तर देणार? आपला व्हॉट्सॲप ग्रुप दहावीच्या निकालाच्या यादीवरून केलाय. त्यात एकसष्ट जणं. पाचवीत आपण दोन तुकड्या मिळून शंभराच्या वर होतो. म्हणजे चाळीसेक माणसं आपल्या फोटोतच नाहीत, आणि आपण 'सगळे आले का' म्हणून मोजतोय.

सध्याच्या मुख्याध्यापकांनी पाचवीच्या वर्षाचं हजेरीपत्रक शोधून दिलं. त्यांचे आभार. कडा वाळवीने खाल्ल्यात, तरी जूनचं पान शाबूत आहे. कार्यक्रमाच्या टेबलावर ते ठेवलंय, सोबत एक कोरी वही. मी आत्तापर्यंत सोळा नावांचा पत्ता लावलाय. तीन गेले. दोघं सुरतला हिऱ्यांच्या कामात, एकजण नाशिकला, आठ इथेच आजूबाजूला, दोघींची फक्त सासरची गावं कळली. तुम्हाला आणखी कोणाचं माहीत असेल तर जेवायच्या आधी त्या वहीत लिहा. फोन नंबर असेल तर उत्तमच.

आणि ती येतेय. यायला तयार नव्हती. सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडं काळी पडली, उरलेला कापूस आत्ता फुटलाय, टोळीला एक दिवस खाडा परवडत नाही, असं तिचं म्हणणं. आज वेचणी इथून अर्ध्या किलोमीटरवर, शाळेमागच्याच वावरात आहे. मी म्हटलं, जेवायच्या सुट्टीत ये. तर म्हणाली, बायांना बांधावर सोडून मी एकटी कशी जेवू?

म्हणून मी आचाऱ्याला तेरा पानं वाढवायला सांगितली आहेत. भरीत आणि कळण्याची भाकरीच आहे, कमी पडणार नाही. त्या साधारण दीडला येतील. सर, तुम्ही तेवढं दीडपर्यंत थांबा.